सहीच्या वरची जागा

आमच्या शाळेत दर शनिवारी एक वही फिरायची. तिला सूचनावही म्हणत. लांबट, जाड पुठ्ठ्याची, पाठीला तांबडं कापड चिकटवलेली. शुक्रवारी शाळा सुटली की हेडमास्तर तीत पुढच्या आठवड्याचं लिहायचे. कोणत्या वर्गाचे पाढे कुठवर झाले पाहिजेत, वाचनात कोण कच्चं आहे, कोणाला पाटी नाही, कोणाला खरूज झाली तर वेगळं बसवावं. एका आठवड्याला एक पान. शनिवारी सकाळची शाळा असायची. मी वही काखेत मारून एकेका गुरुजीकडे न्यायची. गुरुजींनी वाचायचं, पानाच्या खाली सही करायची, मी वही परत आणून कपाटात ठेवायची.

हे काम मी एका शनिवारी केलं नाही. त्याचं लिहिते आहे.

माझा नवरा त्या शाळेत चपराशी होता. काविळीनं गेला. दोन लहान लेकरं होती, म्हणून त्याची जागा मला मिळाली. झाडणं, पाणी भरणं, घंटा देणं, आणि सकाळी घरोघरी जाऊन मुलींना शाळेत बोलावून आणणं. पुरुष माणसाबरोबर लोक मुली पाठवत नव्हते, म्हणून बाई बरी पडली. माझं शिक्षण चौथी पास. मला छापलेलं वाचता यायचं आणि हातानं लिहिलेलंही यायचं. त्या गावात हे यायला नको होतं असं पुढे वाटलं.

पहिल्या महिन्यातच मी सूचनावही वाचली. तीत एका वयस्कर मास्तरांच्या नावापुढे लिहिलं होतं की दुपारी वर्गात झोपू नये. मी ते विहिरीवर सांगितलं. दोन दिवसांत गावची पोरं त्या मास्तरांना पाहून घोरायला लागली. हेडमास्तरांनी मला बोलावलं.

"बाई, तुले वही न्यायले ठेवलं, वाचाले नाही."

"डोये हायेत तर दिसतेच ना, गुरुजी."

"मंग डोये मिटून नेत जाय."

तेव्हापासून मी वाचलेलं तोंडातून काढलं नाही. वाचायचं मात्र सोडलं नाही. व्हरांड्यात खांबाला टेकून एकदा पान पाहून घ्यायची आणि मग न्यायची.

मग राज्य बदललं. आम्ही मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलो. म्हणजे होतो तिथेच होतो, कागदावरचा शिक्का बदलला. नव्या शिक्क्याचे कागद यायला लागले की पटावर मुली वाढवा, तांड्यावरची मुलं आणा. हेडमास्तर मनापासून काम करणारे होते. मला घेऊन ते नाल्यापलीकडच्या तांड्यावर तीन वेळा गेले. तांड्याचे लोक पूर्वी बैलांवर माल लादून फिरणारे. आता दोन पिढ्या शेती करत होते. आपसात त्यांची बोली, आमच्याशी मराठी. लेकीला शाळेत कायले पाठवायचं, हा त्यांचा प्रश्न होता. हेडमास्तरांनी एकेकाच्या ओट्यावर बसून समजावलं, शब्द दिला की पोरी आमच्या घरच्यासारख्या सांभाळू. पाच मुली मिळाल्या.

मुलं वाढली आणि शाळेच्या दोन खोल्या पुरेनात. तेव्हा पहिली आणि दुसरीचे वर्ग नाल्यापलीकडे कापसाच्या एका रिकाम्या गोदामात बसवले. ते तांड्यापासून जवळ होतं. तिथे एक तरुण गुरुजी दिले. मारेगावकडचे. लग्न झालेलं नव्हतं, घरी म्हातारी आई एकटी. एका गोदामात दोन वर्ग, एका बाजूला क ख ग, दुसऱ्या बाजूला पाढे. ते चांगलं शिकवायचे. मला ते वहिनी म्हणायचे आणि वाचून झालेलं वर्तमानपत्र घडी करून ठेवायचे. मला वाचता येतं याची थट्टा न करणारा तो एकच माणूस त्या शाळेत होता.

शनिवारी शाळा सुटली की त्यांना मोटार गाठायची असायची, आईकडे जायला. मी वही घेऊन नाला उतरून जाईपर्यंत त्यांची चुळबुळ चाललेली असे. पावसाळ्यात तर मला लुगडं गुडघ्यावर खोचून पाण्यातून जावं लागे. एका शनिवारी ते म्हणाले, "वहिनी, तुमाले हेलपाटा, मले उशीर. पुढच्या चार पानाइवर आजच सह्या करून देतो. काय लिवतात ते, दर वेळी तेच असते. पाढे, पाटी, खरूज."

मी म्हटलं, "करा."

त्यांनी चार कोऱ्या पानांच्या खाली चार सह्या केल्या. माझा हेलपाटा वाचला. पाय दुखत होते असं काही नव्हतं. मला कंटाळा आला होता.

पुढच्या शुक्रवारी हेडमास्तरांनी पान उघडलं आणि सही पाहिली. मला विचारलं, "हे काय?"

"गुरुजीनं आधीच केली."

त्यांनी चष्मा पुसला, परत घातला आणि सहीच्या वरच्या जागेत लिहायला लागले. पहिली चार पानं संपली तेव्हा आणखी चारांवर सह्या घेतल्या. कोणाचं काही बिघडलं नाही. वहीतलं पान भरलेलं होतं, खाली सह्या होत्या.

तांड्यावरच्या पाच मुलींत एक नऊ वर्षांची होती. उशिरा घातली म्हणून पहिलीत. तिच्या ओढणीला त्यांच्या रिवाजाप्रमाणे बारके आरसे शिवलेले होते. गोदामाच्या दारातून ऊन आलं की तिच्या आरशांचे कवडसे भिंतीवर हलायचे आणि सगळा वर्ग तिकडे पाहायचा. गुरुजी म्हणायचे, "तुहा तांडा भिंतीवरून उतरव आधी, मंग पाढे म्हणू." ती अंग आखडून बसायची, म्हणजे कवडसे हलू नयेत. थोड्या वेळानं विसरायची. अक्षर तिला लवकर आलं. मी घ्यायला जायची तेव्हा ती नेहमी आधीच ओट्यावर पाटी घेऊन उभी असे. बाकीच्या चौघींना झोपेतून ओढावं लागे.

पोळा झाल्यानंतरच्या आठवड्यातला तो शनिवार. मी कपाटातून वही काढली, व्हरांड्यात आले, पान पाहिलं. पाच सूचना नेहमीच्या होत्या. सहावी अशी होती: इयत्ता पहिलीतील तांड्यावरील अमुक मुलीस मिरगीचा त्रास आहे असे तिच्या वडिलांनी आज समक्ष येऊन सांगितले. तिला पाण्याच्या पाळीवर पाठवू नये. पाण्याजवळ किंवा विस्तवाजवळ एकटी सोडू नये. झटका आल्यास कुशीवर निजवावे, व मुलांनी भिऊन दूर पळू नये असे त्यांस समजावून सांगावे.

पाच सूचनांनी पान बरंच भरलं होतं. खाली त्या गुरुजींची सही आधीच बसलेली, आगाऊ केलेल्यांतली ती शेवटची. म्हणून शेवटच्या दोन ओळी हेडमास्तरांनी बारीक अक्षरात दाटून लिहिल्या होत्या. सहीच्या वरच्या शेंड्याला शेवटच्या अक्षरांचे पाय लागले होते.

पाण्याची पाळी म्हणजे काय ते सांगते. गोदामाजवळ विहीर नव्हती. नाल्याच्या रेतीत एक झिरा उकरलेला होता. रोज मधल्या सुटीत दोन मुली लहान घागर घेऊन जात आणि वर्गासाठी पाणी आणत. मुलांना पाठवलं तर ती खेळत बसायची, म्हणून मुली.

मी मोठ्या शाळेतल्या दोन मास्तरांच्या सह्या घेतल्या. झोपणाऱ्या मास्तरांनी सही करताना पानाकडे पाहिलंही नाही. ते बोटात टाक धरून मला विचारत होते की बाजारात मेथी आली का. मग मी नाल्याकडे पाहिलं. आदल्या रात्री पाऊस झाला होता, पाणी गढूळ होतं. वहीत पलीकडची सही होतीच. मी मनात म्हटलं, सोमवारी पोरी पोचवायला जाईन तेव्हा सांगू. वही कपाटात ठेवली, कुलूप लावलं, घरी गेले.

सोमवारी सकाळी तांड्यावर गेले तर ती ओट्यावर उभी. तिचा बाप बैलांना वैरण टाकत होता. तो मला म्हणाला, "बाई, पोरगीले मिरगी हाये. लपवलं होतं मी. शाळेतून काढतीन म्हणून भेव वाटे. शुक्रवारी मास्तरले सांगून आलो. त्यायनं माह्या समोर लिवलं. आता फिकर नाही."

मी म्हटलं, "हो, आता फिकर नाही."

पाचही पोरी गोदामात पोचवल्या. गुरुजी प्रार्थना घेत होते, डोळे मिटलेले. प्रार्थना संपेपर्यंत थांबायला हवं होतं. पण मोठ्या शाळेत घंटा द्यायची होती. उशीर झाला की हेडमास्तर घड्याळ काढून उभे राहायचे. आणि दुसरंही एक होतं, ते लपवत नाही. तोंडानं सांगितलं तर गुरुजी म्हणाले असते, वहिनी, तुम्ही वाचलं वाटतं. हेडमास्तरांच्या कानावर गेलं असतं. मला बोलणी नको होती. मी परत फिरले.

त्या दिवशी पाण्याची पाळी तिची होती. बरोबर दुसरी एक मुलगी. झिऱ्यावर वाकून पाणी भरताना तिला झटका आला आणि ती तोंडावर पडली. दुसरीनं पाहिलं की हिचे हातपाय उडताहेत. आमच्याकडे तेव्हा असं झालं की अंगात आलं म्हणत, आणि अंगात आलेल्याला लहान पोरानं पाहू नये, शिवू नये, हे तिला घरी शिकवलेलं होतं. ती घरात शिकल्याप्रमाणे वागली. परत आली, जागेवर बसली, कोणाला काही बोलली नाही. गुरुजींनी विचारलं, "तुही जोडीदारीण कुठी हाये?" तर म्हणाली, "येऊन राह्यली."

थोड्या वेळानं गुरुजी स्वतः गेले.

मी सुटी संपल्याची घंटा देत होते. दुसरीतलं एक पोरगं धावत आलं, तेव्हा घंटेचा हातोडा हातातच होता. मी गेले तर गुरुजी तिला दोन्ही हातांवर घेऊन नाल्यातून वर येत होते. त्यांचा पायजमा फक्त पोटरीपर्यंत भिजला होता. तेवढंच पाणी होतं.

संध्याकाळी हेडमास्तरांनी कपाटातून वही काढून टेबलावर ठेवली. गुरुजींनी ते पान उभ्यानंच वाचलं. पहिल्यांदा. मग खालच्या सहीवर बोट ठेवून म्हणाले, "सही माहीच हाये." आणि माझ्याकडे पाहिलं. मी झाडू भिंतीला लावत होते.

दुसऱ्या दिवशी मी उरलेल्या चौघींना आणायला तांड्यावर गेले. जायलाच हवं होतं, ते माझं काम होतं. एकही मुलगी बाहेर आली नाही. तिच्या आईनं शाळेची पाटी आणून माझ्या पायाजवळ ठेवली आणि आत गेली. पाटीवर वीसपर्यंत आकडे होते. बाप ओट्यावर बसला होता. तो ओरडला नाही. शिवी दिली नाही. त्यानं एवढंच विचारलं, "बाई, मास्तरनं माह्या समोर लिवलं होतं. मंग लिवलेलं गेलं कुठी?"

मी पाटी उचलली आणि परत आले.

आठ-दहा दिवसांनी यवतमाळहून चौकशीला साहेब यायचे होते. त्या सकाळी हेडमास्तरांनी मला आत बोलावून दार लोटलं.

"बाई, तुले वाचता येते हे कोणाकोणाले माहीत हाये?"

"तुमाले. नाल्यापलीकडच्या गुरुजीले. झोपणाऱ्या मास्तरले आन् दुसऱ्या मास्तरले."

"साहेबाले माहीत व्हायची गरज नाही. वाचता येते म्हणशीन तर तो विचारन, वाचलं होतं का. होय म्हणशीन तर विचारन, मंग सांगितलं काहून नाही. दोन लेकरं हायेत तुले. अंगठा लाव आन् मोकयी हो."

"आन् तुमी सहीच्या वर लिवलं ते?"

ते खिडकीकडे पाहत म्हणाले, "ते निघालं तर माही बी जाते."

त्यांनी खोटं कारण दिलं नाही, एवढं त्यांच्या बाजूनं सांगते.

साहेब तसे समजदार होते. त्यांनी पान उजेडाकडे धरलं, शेवटच्या दोन ओळींवरून बोट फिरवलं. "इथे अक्षर एवढं बारीक कसं झालं?"

हेडमास्तर म्हणाले, "जागा कमी पडली, साहेब."

"सह्यांच्या खाली अजून चार बोटं कोरं आहे."

हेडमास्तरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. साहेबांनी मला पुढे बोलावलं. "बाई, ही वही तुम्ही शनिवारी या गुरुजींकडे नेली होती?"

"नेलती."

"त्यांनी वाचून सही केली?"

"सही केली. वाचलं का नाही ते मले काय समजते."

"तुम्हाला वाचता येतं?"

"नाही."

ते तरुण गुरुजी माझ्यापासून चार हातांवर उभे होते. ज्यांची वर्तमानपत्रं माझ्या घरी फळीवर रचलेली होती. त्यांना फक्त एक वाक्य बोलायचं होतं. ते जमिनीकडे पाहत राहिले. साहेबांनी वाट पाहिली असं मला वाटलं. मग त्यांनी माझा जबाब लिहिला, वाचून दाखवला. शाईची गादी पुढे केली. मी अंगठा लावला. जबाबात एक शब्द त्यांनी चुकीचा लिहिला होता, तो मला उलट्या बाजूनं दिसत होता.

गुरुजींना सूचना मिळालेली होती, सही होती, तरी त्यांनी मुलीला पाण्यावर पाठवलं, असा निकाल लागला. त्यांना नोकरीवरून काढलं. ते का बोलले नाहीत याचा मी पुष्कळ विचार केला. कोऱ्या पानावर सही केली असं सांगितलं असतं तरी त्यांची नोकरी जाणारच होती. बरोबर आणखी दोघांची गेली असती. एवढाच हिशोब असावा. की दुसरं काही होतं, ते मला माहीत नाही.

ते गेले त्या दिवशी मी त्यांची लोखंडी पेटी मोटारीपर्यंत डोक्यावर नेली. वाटेत त्यांनी विचारलं, "वहिनी, लेकरं किती तुमाले? दोन ना?"

"दोन."

"मले एकही नाही," ते म्हणाले. मग रस्त्याकडे तोंड करून मोटारीची वाट पाहत उभे राहिले. माफी मागायचा विचार आला होता, पण मागून त्यांना काय मिळणार होतं. पेटी टपावर चढवली, मी परत आले.

एकदा कागदावर निरक्षर लागलं की ते निघत नाही. पुढची सगळी वर्षं मी शाळेच्या हजेरीवर अंगठा लावला. माझी स्वतःची लेकरं त्याच शाळेत शिकली, त्यांच्या दाखल्यावर अंगठा लावला. मोठा मुलगा चौथीत असताना म्हणाला, "माय, घरी तर तू पेपर वाचते." मी म्हटलं, "घरी वाचते. शायेत नाही वाचत." त्यानं परत विचारलं नाही. कधी अंगठ्याची शाई दोन-दोन दिवस निघत नसे. भाकरी थापताना पिठाला लागायची.

गोदामात पुढे दुसरे गुरुजी आले. झाडायला मला रोज तिथे जावं लागे. गोदामाच्या पत्र्याला भोकं होती, सकाळी त्यातून ऊन भिंतीवर पडायचं, गोल गोल. भूतबित मी मानत नाही. मेलेलं माणूस येत नाही, हे मी नवऱ्याच्या वेळी पाहिलं आहे. पण वारा आला की पत्रा हलायचा, आणि ते गोल भिंतीवर सरकायचे, थांबायचे. कोणी अंग आखडून धरलं की थांबायचे तसे. मी पाठ करून झाडायची. आजही माझ्या घरात आरसा दारासमोर लावू देत नाही. सुना म्हणतात, म्हातारीचं काहीतरीच.

वही बंद झाली नाही. जिल्हा परिषद आली, हेडमास्तर बदलून गेले, नवे आले, शनिवारची सूचनावही तशीच फिरत राहिली. उलट सूचना वाढल्या. कोणाला चष्मा लागतो, कोणाला घरी मारतात, कोणाला पुढे बसवावं. मी मात्र काम बदललं. वही गुरुजीच्या हातात द्यायची आणि पुढ्यात उभी राहायची.

"मोठ्यानं वाचा, गुरुजी. मले वाचता येत नाही."

"तुले कायले पाहिजे, बाई?"

"पोरी मी आणते ना. मले माहीत असावं."

कोणी हसायचे, कोणी चिडायचे. एक मास्तर म्हणायचे, ही बाई वही कानानं वाचते. पण वाचायचे. पूर्ण वाचल्याशिवाय मी टाक पुढे करत नव्हते. एकानं पुढच्या आठवड्याची सही आधी करायला पान उलटलं, तेव्हा मी वही त्याच्या हातातून ओढून घेतली. त्यानं हेडमास्तरांकडे तक्रार केली. मला बोलणी बसली. बसू दे.

एका शनिवारी नवीन आलेले एक गुरुजी घाईघाईत वाचत होते. मी म्हटलं, "एक ओळ राह्यली, गुरुजी."

त्यांनी वर पाहिलं. "तुमाले कसं समजलं?"

"शनिवारी इतकं कमी नसते."

त्यांनी परत पाहिलं. राहिली होती. दुसरीतल्या एका मुलाला एका कानानं ऐकू येत नाही, त्याला उजवीकडे बसवावं, अशी ती ओळ होती. त्यांनी ती वाचली आणि माझ्याकडे जरा वेळ पाहत राहिले. मी टाक पुढे केला.

यानं जे झालं ते भरून निघालं असं मी म्हणत नाही. तांड्यावरून पुढची सहा-सात वर्षं एकही मुलगी शाळेत आली नाही. दोन हेडमास्तर जाऊन ओट्यांवर बसले, मी बरोबर गेले, लोकांनी आम्हाला पाणी दिलं आणि पोरी दिल्या नाहीत.

तिचा बाप पुष्कळ वर्षं जगला. दारव्ह्याच्या बाजारात भेटायचा. कधी कापसाची गाडी घेऊन, कधी नुसता. "राम राम, बाई," म्हणायचा. मी "राम राम" म्हणायची. दर वेळी मला वाटे आज तो परत विचारील. त्यानं एकदाच विचारलं होतं, पुन्हा कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तो गेल्यावर आता सांगायला सोपं आहे. लिहिलेलं कुठेही गेलं नव्हतं. त्या शनिवारी व्हरांड्यापासून कपाटापर्यंत ते माझ्या काखेत होतं, आणि मी ते वाचलं होतं.